येते म्हणजे कधी?

ड्रायव्हरकाका दोन तास चाळीस मिनिटं वाट बघत बसले होते. हा आकडा त्यांचा स्वतःचा. तीस वर्षं वेळापत्रकाबरहुकूम बस चालवलेल्या माणसाने मोजलेला, त्यामुळे त्यात एका मिनिटाचीही घासाघीस शक्य नव्हती.

हे घडलं कृत्रिम पाय बनवून देणाऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन नंबरच्या खोलीत. काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. त्या दुपारी बारकीने, म्हणजे आपल्याकडून तिथे परदेशी हेच काम शिकायला गेलेल्या मुलीने, त्यांच्या कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला ओलं प्लास्टर गुंडाळलं, ते घट्ट झाल्यावर मोजा काढावा तसा साचा अलगद उतरवून घेतला, हात धुतले आणि हसून म्हणाली, "छान झालं. येते हं मी!" आणि गेली. साचा ठेवायला कार्यशाळेत, तिथून वर्गात, वर्गातून घरी. काका बसून राहिले. मध्ये नर्स डोकावली, "गाडी बोलावू का?" म्हणून विचारून गेली. काका म्हणाले, "नको, ती येतेय." दवाखान्याची गाडी बाकीच्यांना घेऊन निघून गेली. पाचच्या सुमाराला फरशी पुसणाऱ्या बाईंनी दार उघडलं, तर हा माणूस कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन दाराकडे तोंड करून बसलेला. गुडघ्यावर वाळलेल्या प्लास्टरचे ठिपके.

"ती येते म्हणाली होती," काका म्हणाले.

आता यात बारकीचं चुकलं काय? तुम्ही-आम्ही म्हणू, काहीही नाही. निघताना माणूस दुसरं काय म्हणणार? पण तिने आपल्या घरचं वाक्य उचललं आणि त्या परक्या भाषेत जसंच्या तसं नेऊन ठेवलं, आणि त्या भाषेत येते म्हणजे येते. दोन वर्षं ती रोज हेच करत होती आणि दोन वर्षं कोणी तिला धड सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? तिथली माणसं इतकी सभ्य, की समोरच्याच्या दाताला भाजी चिकटली असेल तरी भिंतीकडे बघून बोलतील.

खुणा मात्र भरपूर होत्या. सकाळी ती घरातून निघताना "येते!" असं ओरडे आणि घरमालकीणबाई आतून विचारत, "कधी?" बारकी म्हणे, "संध्याकाळी." बाईंचा चेहरा गोंधळलेला. आत्ता कुठे ही जाते आहे, आणि संध्याकाळी येण्याची घोषणा सकाळीच कशाला? पहिल्या महिन्यात तर त्या बिचाऱ्या दाराची कडी न लावता आंघोळ लांबणीवर टाकत, की ही येते म्हणाली आहे, आत्ता येईल. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारकीच्या येण्याच्या वेळा टिपायला सुरुवात केली. बारकीला वाटलं, बाई पाळत ठेवतात. वाचनालयातला माणूस तर तिने "येते" म्हटलं की तिची पुस्तकं परत न घेता तशीच बाजूला काढून ठेवी. "इथे सगळ्यांना तारीख लागते," बारकी वैतागून फोनवर आईला सांगायची. "साधा निरोप घेतला तरी, कधी? किती वाजता? अरे, बाई जातेय, जाऊ दे ना!"

म्हणजे मनात ती "जातेय"च म्हणत होती. तोंडाने मात्र तो शब्द निघायचा नाही. त्याला कारण तिची आई.

बारकीची आई घरी शिवणकाम करते. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि कान दाराकडे. घरातून कोणी "जाते" म्हणून बाहेर पडायची टाप नव्हती. मोठा दादा एकदा परीक्षेला उशीर झाला म्हणून "जातो गं" असं ओरडून जिन्यावरून धावत सुटला, तर आईने खिडकीतून हाक मारून त्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत परत चढायला लावलं, पाणी पाजलं, "येतो" म्हणवून घेतलं आणि मगच सोडलं. परीक्षेला दहा मिनिटं उशीर झाला. दादा पास झाला, पण आईच्या मते तो पास झाला ते "येतो" म्हणाल्यामुळे.

आणि बारकी परदेशी निघाली तेव्हा तर कहरच झाला. विमानतळावर रांग, हातात कागदपत्रं, सामानाचं वजन दोन किलो जास्त म्हणून चपलांचा जोड पिशवीतून काढून दादाच्या हातात दिलेला. त्या गडबडीत ती मागे वळून म्हणाली, "आई, जाते." एवढंच. ती आत गेली, दारावरच्या शिपायाने पास बघितला, आणि मागून आवाज आला, "बारके! इकडे ये!" आईने त्या शिपायाशी असा काही वाद घातला, की त्यानेच कंटाळून बारकीला हात धरून दोरीच्या अलीकडे आणलं. शंभर माणसं बघत होती. "नीट म्हण," आई म्हणाली. बारकीने रडवेल्या रागाने "येते" म्हटलं. तेव्हा कुठे आईने तिच्या खांद्यावरचा धागा झटकला आणि म्हणाली, "हं. आता जा."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पहिल्या सुट्टीत बारकीला कार्यशाळेत काम मिळालं, दुसऱ्या सुट्टीत एक जादा अभ्यासक्रम निघाला. "पुढच्या सुट्टीत येते गं," ती म्हणायची. आई "बरं" म्हणायची.

तर, दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी कार्यशाळेत आली तेव्हा काटकोन तिची वाट बघत उभे होते. काटकोन म्हणजे तिचे मुख्य तंत्रज्ञ, तिच्या प्रत्यक्ष कामाचे परीक्षक. हे नाव अर्थातच बारकीने ठेवलेलं. त्यांच्या टेबलावरची कानस, हातोडी, पाने सगळं काटकोनात मांडलेलं असे आणि ते स्वतः बसले तरी भिंतीला टेकून ठेवलेल्या फळीसारखे. तिथे मोठ्यांनाही नावाने आणि तू म्हणून हाक मारतात, पण बारकीचं तोंड त्याला काही वळलं नाही. ती त्यांना मनात अहो-जाहोच करायची, म्हणून इथेही तसंच लिहिलंय.

"तुझ्या पेशंटने कळवलंय, की तू त्याच्या पायाला हात लावायचा नाही," काटकोन म्हणाले.

"का?"

"तू येते म्हणालीस आणि आली नाहीस."

बारकीने कपाळावर हात मारला. मग तिने सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे निघताना असं म्हणतात, जाते म्हणणं बरं नसतं, त्याचा अर्थ वेगळा होतो, वगैरे वगैरे. काटकोनांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जाताना तुम्ही येते म्हणता."

"हो."

"आणि खरंच येत असाल तेव्हा काय म्हणता?"

"येते."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

बारकी मनात चडफडली. कळतं, बस! या माणसांना सगळ्या गोष्टी मोजपट्टी लावून कशाला कळायला हव्या असतात?

काटकोनांनी पुढचं सांगितलं तेव्हा मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली. नियम असा, की एका पेशंटचा पाय साच्यापासून चालण्यापर्यंत एकाच विद्यार्थ्याने पुरा करायचा. तो पाय पुरा झाला तर ही शेवटची परीक्षा पास. नाहीतर सगळं सहामाहीचं काम पुन्हा, आणि तिची राहायची परवानगी तर सहामाहीपुरतीच होती. परीक्षेला सात आठवडे उरले होते. जखम पुरती भरलेला, तयार असलेला नवा पेशंट शोधून एवढ्यात पाय होणं अशक्य. "त्याला विचार," काटकोन म्हणाले. "मी सांगणार नाही. तू बोललीस, तूच निस्तर." आणि कानस पुन्हा काटकोनात ठेवली.

त्या संध्याकाळी तिने आईला फोन लावला. पलीकडे शिलाई मशीनची खडखड चालू होती.

"आई, इथली माणसं डोक्यावर पडलेली आहेत," तिने सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. आई टाचण्यांतून "हं, हं" करत होती.

"म्हणजे तू येते म्हणालीस?" आईने विचारलं.

"हो."

"आणि गेली नाहीस?"

"अगं, तसं येते नाही! निघताना म्हणतो तसं येते!"

"निघताना म्हणतो तसं म्हणजे कसं? म्हणायचं आणि यायचं नाही?"

"आई! तू तरी..."

"मी काय तुला शोभेसाठी शिकवलं होतं का गं ते? माणूस परत येतो म्हणून येतो म्हणतो. तो बिचारा एका पायावर बसून राहिला आणि तू मला व्याकरण सांगतेस?"

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"त्याच्या," आई म्हणाली. मशीन थांबलं होतं. "वाट बघत बसणं म्हणजे काय असतं, ते..." पलीकडे कात्री टेबलावर आपटली. "ठेवते. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक कुठलं, तिथे त्या वेळी रात्रीचे दहा वाजले होते. सगळ्या जगाने कट करून बारकीला छळायचं ठरवलं होतं, आणि आता त्यात आईही सामील झाली होती.

शनिवारी ती पत्ता शोधत ड्रायव्हरकाकांच्या घरी गेली. तळमजल्यावरचं घर, बाहेर एक लाकडी बाक, दारात बसच्या स्टिअरिंगच्या आकाराचं रबरी पायपुसणं टाकलेलं. काकांनी दार उघडलं. कुबड्यांवर उभे, दाढी गुळगुळीत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बारकीने दारातच माफी मागायला सुरुवात केली. काकांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बस तिथे. येतो," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

बारकी बाकावर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून रेडिओ ऐकू येत होता. तिला वाटलं, म्हातारा माणूस, एक पाय, लागत असेल वेळ. अर्ध्या तासाने वाटलं, पडले तर नसतील? तिने दार वाजवलं. आतून आवाज आला, "येतो म्हटलं ना!" पाऊण तासाने भांडी घासल्याचा आवाज आला. भूक लागली होती, पाय गारठले होते, शेजारची बाई दोनदा येऊन तिच्याकडे बघून गेली होती. दीड तास झाल्यावर बारकीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती ताडकन उठली. असला खडूस म्हातारा! जावं निघून. खड्ड्यात गेला पाय. मग तिला सहामाही आठवली आणि ती पुन्हा बसली. मग, का कोण जाणे, तिला कुबड्या मांडीवर आडव्या घेतलेला तो माणूस दिसला. त्यानंतर ती उठली नाही.

दार उघडलं तेव्हा काकांच्या हातात घड्याळ होतं.

"दोन तास चाळीस," ते म्हणाले. "फिटलं. मंगळवारी दहा वाजता येतो मी दवाखान्यात. दहा म्हणजे दहा. तीस वर्षं स्टॉपवरच्या एकाही माणसाला मी येतो म्हणून फसवलेलं नाही."

"हो," बारकी दातओठ खात म्हणाली.

"आणि निघताना नीट बोलायचं. जात असशील तर जाते म्हणायचं."

बारकीने प्रयत्न केला, खरंच केला. पण विमानतळावरची ती दोरी डोळ्यांपुढे आली. "निघते," ती शेवटी म्हणाली. काकांनी विचार करून मान डोलावली. चालेल.

मग काम सुरू झालं. साच्यात प्लास्टर ओतून काढलेला काकांच्या पायाचा नमुना तिने कानशीने घासला, जिथे हाड टोचतं तिथे जागा सोडली, जिथे मांस भार पेलतं तिथे दाबून घेतलं. त्यावर पारदर्शक सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी, ओढलं, आतली कातडी कुठे पांढरी पडते ते बघितलं, पुन्हा घासलं. काका म्हणजे एक नंबरचे कटकटे. इथे दाबतंय, तिथे सैल आहे, घोटा वाकडा आहे, बसचा ब्रेकसुद्धा याहून मऊ असतो. बारकी मनात एक ते दहा मोजायची आणि पाना फिरवायची. पण मंगळवारी दहाला ते हजर असायचे आणि तीही हजर असायची. निघताना काका मुद्दाम ठणकावून म्हणत, "जातो मी!" शाळेतल्या पोराला गिरवायला द्यावं तसं. आणि दर वेळी बारकी मनातल्या मनात त्यांच्या वतीने "येतो" म्हणून टाकायची.

पाय तयार झाला. काका दोन दांड्यांच्या मधून चालले, मग दांड्या सोडून काठी घेऊन चालले. पण मान खाली. एकेक पाऊल बघून, मोजून टाकायचे. काटकोन बाजूला उभे राहून बघत आणि मान हलवत.

"पाय चांगला झालाय," ते म्हणाले. "पण माणूस पायाकडे बघत चालतो तोवर तो पाय त्याचा नसतो. मी सही करणार नाही."

"वर बघा ना," बारकी काकांना विनवायची.

"वर बघून पडलो तर?"

"नाही पडणार."

"तू येते म्हणतेस आणि येत नाहीस. तुझ्यावर कसा विश्वास ठेवू?" काका म्हणायचे. हा टोमणा त्यांनी सात आठवडे पुरवून पुरवून वापरला.

शेवटचा मंगळवार उजाडला. काटकोन कागद घेऊन उभे. काकांनी खोलीच्या चार फेऱ्या मारल्या. मान खाली, ओठ हलताहेत, एक, दोन, तीन. बारकीने सॉकेट तपासलं, टाचेची उंची अर्धा मिलिमीटर बदलली, पुन्हा फेऱ्या झाल्या. मान खालीच. काटकोनांनी घड्याळ बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "राहू दे. आणखी काही करण्यासारखं नाही."

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं, दोन बुडवलेल्या सुट्ट्या, आणि शेवटी हे. काकांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते कधी नव्हे ते हळू बोलले. कोट चढवला, दारापाशी गेले, काठी दाराच्या मुठीला अडकवून टोपी घातली आणि म्हणाले, "बरं. जातो मी."

आणि बारकीचं डोकं फिरलं.

"जातो म्हणू नका!" ती किंचाळलीच. "एकदा तरी येतो म्हणा! सात आठवडे ऐकतेय, जातो जातो जातो! अभद्र कुठले!"

काका गर्रकन वळले. "पण मी जातोय!"

"सहा आठवड्यांनी तपासणीला यायचंय ना?"

"मग सहा आठवड्यांनी म्हणेन, येतो!"

"आत्ता म्हणायचं असतं! जाताना! तेव्हाच तर म्हणायचं असतं!"

"ही कुठली पद्धत?" काका लालेलाल झाले आणि बोट नाचवत तिच्या अंगावर चालून आले. खोली ओलांडून, टेबलाला वळसा घालून, खुर्ची पायाने बाजूला सारून तिच्या नाकासमोर येऊन उभे राहिले. "तीस वर्षं मी बस चालवली! एकदाही..."

"हलू नका," काटकोन म्हणाले.

दोघं थांबले. काटकोन काकांच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी दाराकडे बघितलं, जिथे काठी मुठीला लटकत होती. मग पुन्हा पायांकडे. काकांनीही खाली बघितलं, सात आठवड्यांत पहिल्यांदाच चालून झाल्यावर. त्यांचं नाचवायचं बोट हवेतच राहिलं.

"खुर्ची कोणत्या पायाने सारली?" काटकोनांनी विचारलं.

कोणालाच आठवेना. काटकोनांनी पेनाचं टोपण काढलं आणि टेबलावर वाकून सही केली. ती सही किंचित तिरकी आली, ते बारकीने बघून ठेवलं.

काका दारापाशी परत गेले, काठी घेतली, टोपी सरळ केली. "येतो," ते शेवटी भिंतीकडे बघत पुटपुटले. "सहा आठवड्यांनी, मंगळवारी, दहा वाजता." तारखेशिवाय त्यांना ते म्हणवेना. बारकीला हसू आवरेना आणि रडूही.

घरी येऊन तिने स्वयंपाकघरातून आईला फोन लावला. पलीकडे खडखड चालूच होती. पाय चालला, सही मिळाली, सगळं सांगितलं. आई खूश झाली, त्या खडूस माणसाची तब्येत विचारली, खुर्ची कोणत्या पायाने सारली तेही विचारलं. दहा मिनिटं बोलणं झालं.

"बरं, ठेवते आता," बारकी म्हणाली. "येते गं आई सुट्टीत."

मशीन थांबलं.

"कधी?" आई म्हणाली.

दोन वर्षांत आईने हे कधीच विचारलं नव्हतं. बारकीला तोंडाशी आलेलं "बघू" गिळावं लागलं. समोर भिंतीवर घरमालकीणबाईंचं कॅलेंडर होतं, चौकटी चौकटीत बारीक अक्षरात तिच्या येण्याच्या वेळा. साडेसहा. सात. पावणेसात. ती उठून त्याच्याजवळ गेली आणि बोटाने आठवडे मोजले. ड्रायव्हरकाकांचा मंगळवार, त्यानंतरचे तीन दिवस सामानाला.

"सव्वीस तारखेला," ती म्हणाली. "शनिवारी. सकाळी सात वाजता उतरेन."

"थांब, लिहून घेते." पलीकडे खुर्ची सरकली, खण उघडला, काहीतरी खाली पडलं.

"अगं, खडू असेल ना हाताशी, टेबलावरच लिही."

"खडूने नको," आई खणात शोधता शोधता म्हणाली. "पुसलं जातं."